मुलांच्या मनाचा तास शाळेत हवा

राग, लाज, भीती ओळखायची, दुसऱ्याचे ऐकून घ्यायचे, भांडण मारामारीवर न नेता मिटवायचे, अडचणीत असताना मदत मागायची, हे सगळे शाळेत शिकवण्याला आता 'सामाजिक-भावनिक कौशल्ये' असे जड नाव मिळाले आहे. हे नाव निघाले की आपल्या वस्त्यांत पालक दोन प्रकारे बोलतात. काही म्हणतात, "आधी गणित-इंग्रजी तर नीट शिकवा, मग मनाचं बघू." काही म्हणतात, "हे पैसेवाल्यांच्या पोरांचे लाड. आमची पोरं वस्तीत वाढून अशीच घट्ट होतात." दोन्ही बोलण्यांमागे अनुभव आहे, म्हणून ती उडवून लावता येत नाहीत. तरी माझे मत असे की हा तास आपल्या मुलांना इतरांपेक्षा जास्त लागतो आणि तो आपण मागून घेतला पाहिजे. तो कसा असावा याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावे लागेल. चुकीच्या रीतीने दिला तर तो आपल्याच लेकरांच्या अंगावर उलटतो.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी विचारेल. त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. तिसरी-चौथीतले मूल सोमवारी सकाळी पोट धरून बसते. "आई, मला आज नाही जायचं." आई जंताची गोळी देते, ओवा देते, दवाखान्यात नेते. डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही. दुपारी शाळा सुटायच्या वेळेला पोट आपोआप थांबते आणि मूल खेळायला पळते. मग घरातले म्हणतात, नाटक करतो. हे नाटक नसते. मनावर ताण असला की पोट खरेच दुखते, डोके खरेच दुखते, झोप मोडते, मोठे झालेले मूलही कधी अंथरूण ओले करते. शरीराचे कारण नाही ना हे आधी डॉक्टरांकडून बघून घ्यावेच. ते नसेल तर शाळेत काय चालले आहे हे विचारायला हवे.

विचारले तर काय उत्तर येते? "काय झालं?" "काही नाही." हे 'काही नाही' फार मोठे असते. मुलाला काहीतरी झालेले असते, पण त्याला नाव द्यायला त्याच्याजवळ शब्द नसतो. आपण मोठ्यांनीही त्याला दोनच शब्द दिलेले असतात, बरं वाटतंय आणि वाईट वाटतंय. अपमान वेगळा, लाज वेगळी, हेवा वेगळा, एकटे पडणे वेगळे, भीती वेगळी. मुलग्यांच्या बाबतीत तर शब्दाच्या आधीच तोंड बंद केले जाते. "पोरीसारखा रडतोस काय?" असे म्हटले की पुढच्या वेळी तो रडत नाही, कुणाला तरी मारतो. आणखी काही वर्षांनी गुटख्याची पुडी किंवा व्हाईटनरची बाटली हातात येते, तेव्हा आपण विचारतो, हा असा कसा झाला?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मनाच्या आजारांपैकी निम्मे आजार वयाच्या १४व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे सातवी-आठवीपर्यंत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर आहे. मूल लहान असताना बोलायला शिकले तर यातली सगळी दुःखे टळतील असे मी म्हणणार नाही. पण ज्याला "मला त्रास होतोय" हे वाक्य कुणाजवळ तरी म्हणता येते, त्याच्यापर्यंत मदत पोहोचायला वाट असते.

आता "आधी गणित-इंग्रजी" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०११ मध्ये जोसेफ डर्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २१३ शालेय कार्यक्रमांचे निकाल एकत्र करून तपासले. सगळे मिळून २ लाख ७० हजार विद्यार्थी होते. ज्या मुलांना हे शिक्षण मिळाले त्यांची वागणूक सुधारली, ताण कमी झाला, आणि अभ्यासातही ती पुढे गेली. किती पुढे? शंभर मुलांची गुणांप्रमाणे रांग लावली तर मधोमध उभे असलेले मूल ११ जागा पुढे सरकले, साधारण एवढा फरक. यात नवल काही नाही. ज्याच्या डोक्यात मधल्या सुट्टीतला अपमान घोळतोय त्याला अपूर्णांक कसे कळणार? शिकणे डोक्याने होते हे खरे, पण डोके मोकळे असावे लागते.

यातले बहुतेक कार्यक्रम अमेरिकेतले होते. तिथल्या वर्गातली मुलांची संख्या वेगळी, शिक्षकांचे प्रशिक्षण वेगळे. म्हणून आपल्याकडचा दाखला हवा, आणि तो आहे. तो आहे नालंदाचा.

नालंदा म्हटले की आपल्याला जुने महाविहार आठवते. मी सांगते आहे ते आजच्या बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांबद्दल. गोव्यातल्या 'संगथ' या संस्थेने तिथे 'सेहर' नावाचा कार्यक्रम केला. सेहर म्हणजे पहाट. २०१५-१६ च्या शालेय वर्षात ७४ शाळांतल्या नववीच्या १३ हजारांहून अधिक मुलामुलींवर त्याची पारख झाली. शाळांचे तीन गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडले. सरकारचा 'तरंग' हा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम तिन्ही गटांत होता. पहिल्या गटात तेवढाच. दुसऱ्या गटात त्याच शाळेतल्या एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन 'सेहर' चालवायला दिले. तिसऱ्या गटात त्यासाठी बाहेरची एक व्यक्ती शाळेत नेमली. ही व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. साधी, प्रशिक्षण दिलेली माणसे. त्यांना 'मित्र' म्हणत.

हा मित्र करायचा काय? सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मुलांशी एखाद्या विषयावर बोलायचा. शाळेत एक पेटी ठेवायचा. मुलांनी नाव घालून किंवा न घालता त्यात चिठ्ठी टाकायची, आणि त्या चिठ्ठीचे पुढे काहीतरी व्हायचे. भित्तिपत्रक चालायचे. मुलांचे गट बसायचे आणि शाळेतल्या अडचणींवर बोलायचे. ज्याला एकट्याने बोलायचे आहे त्याला वेगळा वेळ मिळायचा. यातले काहीच खर्चिक नाही, हे लक्षात घ्या.

वर्ष संपताना निकाल आला. मित्र असलेल्या शाळांत मुलांना शाळेचे वातावरण चांगले वाटू लागले होते. उदासी कमी झाली होती. एकमेकांना छळणे, मारहाण, दोन्ही कमी. मुलगे आणि मुली समान आहेत या विचाराकडे झुकाव वाढलेला. दुसऱ्या वर्षी हा फरक आणखी वाढला. आणि शिक्षकाकडे तेच काम दिलेल्या शाळांत? काही फरक पडला नाही. पहिल्या वर्षाचा निकाल २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

मला हा निकाल फार बोलका वाटतो. शिक्षक वाईट असतात असा याचा अर्थ नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या किंवा मनपाच्या शाळेतले सर-मॅडम मतदार याद्या करतात, खिचडीचा हिशेब ठेवतात, मोबाईलवर माहिती भरत बसतात, आणि उरलेल्या वेळात शिकवतात. त्यांच्या डोक्यावर आणखी एक फाईल ठेवली तर तिचे काय होणार ते दिसतेच. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे. जो माणूस गुण देतो, ओरडतो, कधी हातावर पट्टी मारतो, त्याच्याजवळ मूल मन कसे मोकळे करेल? आणि कधी कधी तक्रार त्याच्याच विरुद्ध असते.

आपल्याकडे हा विषय अगदी नवा आहे असेही नाही. महाराष्ट्रातल्या शाळांत १९९७ पासून मूल्यशिक्षण आहे. परिपाठात सुविचार होतो, बोधकथा होते. २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आहे. कागदावर सगळे चांगलेच आहे. पण फळ्यावर 'संवेदनशीलता' असा सुविचार लिहिल्याने कुणी संवेदनशील होत नाही, जसे 'पोहणे' हा शब्द लिहून कुणी पोहायला शिकत नाही. पोहायला पाण्यात उतरावे लागते. डर्लाक यांच्या तपासणीतही हेच दिसले. जिथे कौशल्ये एकामागून एक क्रमाने, मुलांकडून करवून घेत, त्यासाठी ठरावीक वेळ देऊन शिकवली, तिथे फायदा जास्त झाला. समजा, "मित्राने तुझी वही फाडली" हा प्रसंग दोन मुले वर्गात करून दाखवतात. मग बाकीची सांगतात, आत काय वाटले, पहिल्यांदा काय करावेसे वाटले, केल्यावर काय झाले असते, दुसरे काय करता आले असते. दर आठवड्याला असा एक प्रसंग घेतला तरी वर्षात पंचवीस-तीस होतात. तेवढ्यात मुलाच्या अंगात ते भिनू लागते.

इथे आनापानाबद्दल एक शब्द, कारण आपल्यापैकी अनेकांना ते प्रिय आहे आणि राज्यातल्या शाळांत 'मित्र उपक्रम' या नावाने ते शिकवलेही जाते. (नालंदाचा 'मित्र' वेगळा, हा वेगळा.) श्वासाकडे लक्ष देऊन बसणे चांगलेच. पण मुलांना दहा मिनिटे डोळे मिटून बसवले म्हणजे मनाचे शिक्षण झाले, असे समजू नये. ब्रिटनमध्ये ८०हून अधिक शाळांतल्या ८ हजारांहून अधिक मुलांवर सजगतेच्या धड्यांची मोठी पारख झाली. २०२२ मध्ये निकाल आला की नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. विपश्यनेवर श्रद्धा असलेल्या बांधवांना हे ऐकून वाईट वाटेल, पण डोळे मिटल्यावर मन शांत झाले तरी डोळे उघडल्यावर बाकावर शेजारी तोच छळणारा मुलगा बसलेला असतो. त्याचे काय करायचे हेही शिकवावे लागते.

आता जो मुद्दा आपल्याला सगळ्यांत जास्त जाळतो त्याकडे येते. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की "एससीची मुलं उभी राहा" असे भर वर्गात सांगणे. आडनाव ऐकून आवाज बदलणे. "तुम्हाला काय, फुकट मिळतं." वर्ग झाडायला, मैदानातला कचरा उचलायला ठरावीकच मुलांची नावे घेणे. हे सगळ्या शाळांत होते असे नाही, अनेक चांगले शिक्षक आपल्या मुलांच्या पाठीशी उभे राहिले आहेत. पण जिथे होते तिथे मूल ते विसरत नाही. आता विचार करा, अशा वर्गात दुसऱ्या दिवशी 'रागावर नियंत्रण' असा पाठ आहे. मुलांना सांगितले जाते, दहापर्यंत आकडे मोजा, खोल श्वास घ्या, सोडून द्या.

सोडून द्या? कुणी कुणाला सोडून द्यायचे?

हाच तो धोका. भावनांचे शिक्षण म्हणजे निमूट सहन करण्याचे शिक्षण असे झाले तर त्यापेक्षा ते नसलेले बरे. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत होते तेव्हा त्यांना बसायला गोणपाट घरून न्यावे लागे, आणि पाणी द्यायला शिपाई नसेल तर दिवसभर तहानलेले राहावे लागे. त्या वर्गात दुरुस्त करायचे होते ते मुलाचे मन नव्हते. अपमान झाल्यावर राग येणे हे निरोगी मनाचे लक्षण आहे. तो राग ओळखता येणे, त्याला अपमान हे नाव देता येणे, आणि त्याने स्वतःचे किंवा दुसऱ्याचे डोके न फोडता त्याचे काय करायचे हे कळणे, हे खरे कौशल्य. म्हणजे काय? कोण काय म्हणाले ते शब्द आणि तारीख वहीत लिहून ठेवणे. ज्यांनी ऐकले त्या मित्रांना विचारणे. घरी येऊन सांगणे. दोघे-तिघे मिळून मुख्याध्यापकांकडे जाणे. हेही शिकवता येते, आणि हे शिकलेले मूल चिडखोर होत नाही, उलट त्याला हुरूप येतो.

शिवाय हा तास आपल्याच मुलांपुरता नसावा. शेजारच्या बाकावरच्या, चांगल्या घरातल्या मुलालाही तो हवा. दुसऱ्याला काय वाटत असेल हे ओळखणे त्याने शिकायला हवे. आणि आपल्या मुलग्यांनाही हवा, हे बोलायला आपण कचरतो. वर्गात अपमान सोसून आलेला मुलगा घरी बहिणीवर हात उगारतो, रस्त्यात मुलींवर शेरे मारतो. नालंदात मुलगा-मुलगी समानतेचा विचार वाढला, तो मला अभ्यासातल्या गुणांइतकाच मोलाचा वाटतो.

मग मागायचे कुठे? शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यातले तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. आपल्या किती वस्त्यांत आया या समितीवर आहेत? आणि ज्या आहेत त्यांतल्या किती जणी सही करून परत येतात? मजुरी बुडवून बैठकीला बसणे सोपे नाही, मला माहीत आहे. पण वर्षभरात दोन बैठकांत जरी आपण तोंड उघडले तरी खूप होईल. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलांना मारणे आणि मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी आहे. 'मानसिक छळ' हे शब्द कायद्यात आहेत, ते बैठकीत उच्चारावेत. जातीवरून शिवीगाळ किंवा अपमान झाला असेल तर त्याला कौशल्याच्या तासाचे उत्तर देऊ नये. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

२०२२ मध्ये राज्य सरकारने शाळांत 'सखी सावित्री' समित्या नेमायला सांगितले. आपल्या शाळेत ती आहे का, तिच्यावर कोण आहे, ती शेवटची कधी बसली, हे विचारता येते. तक्रारपेटी बऱ्याच शाळांत टांगलेली असते. तिची किल्ली कुणाकडे असते, ती कोण उघडते, आणि चिठ्ठी निघाली तर पुढे काय होते, हे विचारा. नालंदात पेटी चालली कारण ती उघडणारा माणूस मुलांचा होता.

आणि माझी मुख्य मागणी अशी की प्रत्येक शाळेत, निदान दोन-तीन शाळांना मिळून, असा एक मित्र नेमावा. त्याच्याकडे गुण देण्याचा किंवा शिक्षा करण्याचा अधिकार नसावा. माणसे कुठून आणायची हा प्रश्न नाही. आपल्या वस्त्यांत बी.ए., एम.एस.डब्ल्यू. होऊन घरी बसलेल्या मुली आहेत, अर्ज भरून भरून थकलेले मुलगे आहेत. ज्याने स्वतः तोच बाक आणि तीच शाळा पाहिली आहे, त्याच्याशी मूल लवकर बोलेल. नीट प्रशिक्षण, देखरेख आणि पगार हवा. सेवाभाव म्हणून फुकट राबवून घेणे नको. सरकार ऐकेपर्यंत विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते तिथे सुरुवात करता येईल. आठवड्यातून एकदा अर्धा तास पुस्तके बाजूला ठेवून मुलांना बोलू द्यावे. मोठ्यांनी मध्ये उपदेश करू नये, एवढीच अट.

घरी रोज एक प्रश्न विचारून बघा. "किती मार्क पडले?" हा तर आपण विचारतोच. त्याच्या आधी विचारा, "आज कुणाबरोबर जेवलास?" मधल्या सुट्टीत मूल कुणाबरोबर बसते हे कळले की वर्गातले पुष्कळ कळते. उत्तर "एकटाच" असे तीन-चार दिवस आले, जेवण-झोप कमी झाली, आवडता खेळ सुटला, "मी नसतो तर बरं झालं असतं" असे काही तोंडून निघाले, तर शाळेच्या बैठकीची वाट बघू नका. टेली-मानस १४४१६ वर फोन लागतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. मुलाला कुणी छळत असेल तर चाइल्डलाइन १०९८. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. तिथे मुलाला न्यायला लाजायचे कारण नाही, ताप आल्यावर नेतो तसेच न्यावे.